सण हवा, प्रार्थना नको

महोदय,
धर्म न मानणाऱ्यांनी धार्मिक सण साजरे करावेत का? करावेत, असे माझे ठाम मत आहे. सणाचे भाग सुटे करता येतात: प्रार्थना, उपवास, एकत्र जेवण, भेटीगाठी, सजावट, सुटी. यातले पहिले दोनच श्रद्धेवर उभे आहेत. सण आणि श्रद्धा वेगळ्या करता येतात, हे इतिहासही सांगतो. १६५९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स या इंग्रज वसाहतीत नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवणारे स्वतः कट्टर ख्रिस्ती होते; उलट निरीश्वरवादी सोव्हिएत राजवटीने बंद पाडलेले नाताळचे झाड १९३५ मध्ये नववर्षाचे झाड म्हणून परत आले.

खरी अडचण घरात येते, तीही ऐन वेळी. आधी मोघम ‘बघू’ म्हटले, की सगळ्यांदेखत प्रार्थना म्हणायला पुढे केले जाते आणि मग दिलेला नकार वडीलधाऱ्यांना अपमानासारखा लागतो. म्हणून आठवडाभर आधी, एकेकाला बाजूला घेऊन नेमके सांगावे: ‘मी येईन, स्वयंपाकाला हात लावीन, प्रार्थना चालू असताना शांत बसेन, पण म्हणणार नाही.’ नुसते ओठ हलवू नयेत. मनापासून म्हणणाऱ्यांची ती फसवणूक होते. जेवणाचा खर्च जरूर वाटून घ्यावा, धर्मकार्याच्या वर्गणीला मात्र नम्रपणे नाही म्हणावे.

मुलांपासून सणामागची कथा लपवू नये. ‘असे लोक मानतात’ एवढे जोडून ती पूर्ण सांगावी. अर्धवट सांगितले, तर उरलेले मुले बाहेर ऐकतात आणि घरच्यांवरचा विश्वास उडतो.

– एक वाचक