हौसेचा साबण विकायला काढताना

कुडाळ,
दि. १२ जून

प्रिय सखी,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझे पत्र आणि साबणाच्या वड्यांचा खोका, दोन्ही सुखरूप पोहोचले. नोकरी सांभाळून इतकी वर्षे हौसेने केलेला साबण आता नाव देऊन विकायला काढावा असे तुझ्या मनाने घेतले आहे आणि डिसेंबरात पुण्याच्या भीमथडी जत्रेत गाळा मिळतो का, याची तू चौकशी करते आहेस, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. या वाटेने मी तुझ्या आधी निघाले म्हणून तू माझे मत मागितलेस, तेव्हा ते आडपडदा न ठेवता लिहिते.

तुझी मंजिष्ठेची वडी मी सध्या रोज वापरते. तिच्यातले तांबूस आणि पांढरे पट्टे एकमेकांत न मिसळता वळत गेले आहेत, कापताना कडेला कुठेही चुरा पडलेला नाही आणि फेस बारीक, टिकणारा येतो. एवढी सफाई सहजासहजी हाताला येत नाही. गुलाबपाकळ्यांची वडी मात्र विक्रीला ठेवू नकोस. क्षाराशी गाठ पडली की पाकळ्या तपकिरी होतात, आणि दुकानात ती वडी हातात घेणाऱ्या बाईला त्यामागचे कारण सांगायला तू तिथे नसशील. हळदीची वडी आधी लालसर होऊन पुढे पिवळी पडते हे तुला ठाऊकच आहे; तो रंग फिका होण्याचा वेग मात्र लिहून ठेव, कारण सहा महिन्यांनी ती वडी कशी दिसेल हे आता तुला आधीच माहीत असायला हवे.

माझे मुख्य म्हणणे तुझ्या वहीविषयी आहे. तू पत्रात लिहितेस की तेलांचे प्रमाण तू त्या त्या वेळी घरात काय आहे ते पाहून ठरवतेस. भेट म्हणून द्यायच्या साबणाला तेही चालते, कारण घेणारे आपले असतात आणि बनवणारी समोर असते. विकलेल्या साबणाचे तसे नसते. ज्या बाईने पैसे मोजून वडी नेली आणि तिच्या लेकराच्या अंगाला लावली, तिला दुसऱ्या वेळी अगदी तीच वडी मिळाली पाहिजे, आणि काही त्रास झालाच तर त्या घाण्यात, म्हणजे एका वेळी केलेल्या साबणात, कोणते तेल, कोणत्या तारखेचे आणि किती होते हे तुला पाच मिनिटांत सांगता आले पाहिजे. माझ्या लेखी धंदा इथे सुरू होतो. नाव, वेष्टन आणि फलक हे सगळे त्यानंतरचे.

हिशेबाने सांगते. १०० ग्रॅम खोबरेल तेलाचा साबण व्हायला सुमारे १८.३ ग्रॅम कॉस्टिक सोडा, म्हणजे तेलाचा साबण करणारा क्षार, लागतो. तेवढ्याच तिळाच्या तेलाला सुमारे १३.४ ग्रॅम आणि एरंडेलाला सुमारे १२.८ ग्रॅम पुरतो. समज, एक किलो तेलांच्या घाण्यात ४०० ग्रॅम खोबरेल आहे, बाकी तीळ, कोकम आणि एरंडेल आहे, आणि पूर्ण घाण्याला लागणाऱ्या साधारण १५३ ग्रॅम सोड्यातून पाच टक्के वजा करून तू १४५ ग्रॅमच्या आसपास सोडा घेतलास. हे जे सात-आठ ग्रॅम आपण कमी घेतो, तेवढीच आपली आणि गिऱ्हाइकाच्या कातडीची राखण. आता २०२५ साली चढले तसे खोबरेलाचे भाव पुन्हा चढले म्हणून तू सोडा तोच ठेवून २०० ग्रॅम खोबरेलाच्या जागी तिळाचे तेल ओतलेस, तर गरज जवळजवळ दहा ग्रॅमने घटते, राखण संपते आणि दोन ग्रॅमच्या आसपास सोडा वडीत मोकळा उरतो. वडी दिसायला तितकीच सुंदर असेल, पण अंगाला लावली की चरचरेल. म्हणून तेल बदलले की गणित नव्याने मांडायचे, एक ग्रॅमपर्यंत खात्रीने तोलणारा काटा घ्यायचा आणि प्रत्येक घाण्याला क्रमांक द्यायचा, हे तीन नेम आजपासूनच लावून घे. मदतीला कोणी ठेवलीस तर सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीही ओतायचे नाही, ॲल्युमिनियमचे भांडे घ्यायचे नाही आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, हे तिला पहिल्या दिवशी तोंडी सांग आणि भिंतीवर लिहूनही लाव.

परवान्याचा विषय तू एका ओळीत उरकला आहेस. तो तसा उरकण्याजोगा नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात पूर्वी साबण सौंदर्यप्रसाधनांतून वगळलेला होता. १९८२ च्या दुरुस्तीने ती सवलत गेली. आज सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० लागू आहेत, आणि विक्रीसाठी अंगाचा साबण बनवायचा तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो. त्यासाठी वेगळी, स्वच्छ जागा आणि देखरेखीला रसायनशास्त्र किंवा औषधनिर्माणशास्त्र शिकलेली व्यक्ती असावी लागते. स्वयंपाकघराच्या ओट्यावर हे बसत नाही. एवढा खर्च एकदम झेपणार नसेल तर परवाना असलेल्या दुसऱ्या कारखान्याच्या जागेत आपला माल बनवण्याचा, म्हणजे लोन लायसन्सचा मार्ग नियमांतच आहे, आणि तुझ्यासारखीला सुरुवातीला तोच सोयीचा पडेल असे मला वाटते. ‘खरूज बरी होते’, ‘इसब जाते’ असले काही वेष्टनावर छापू नकोस; तसा दावा केला की साबण औषधांच्या नियमांत जातो, आणि तो दावा आपल्याला सिद्धही करता येणार नाही. घटक, घाण्याचा क्रमांक, बनवल्याची आणि मुदतीची तारीख, परवाना क्रमांक, निव्वळ वजन, किंमत आणि तक्रारीसाठी पत्ता हे सगळे वेष्टनावर आले पाहिजे. वजन छापताना एक सांभाळ. साच्यातून काढलेली वडी सुकताना पाणी सोडते आणि हलकी होते, म्हणून ती पूर्ण मुरल्यावर तोलायची आणि छापलेल्या आकड्यापेक्षा किंचित जास्तच भरेल अशी कापायची.

कराची धास्ती मात्र घेऊ नकोस. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाच्या साबणवडीवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, आणि आपल्या राज्यात मालाची वार्षिक उलाढाल ४० लाखांपर्यंत असेल तर सर्वसाधारणपणे नोंदणीची सक्ती नाही. लहान उद्योगांसाठीची सरकारची उद्यम नोंदणी विनाशुल्क होते. ती करून टाक.

किमतीबद्दल तू विचारले आहेस. तेल, सोडा, सुगंध आणि कागद यांची बेरीज करून त्यावर थोडे चढवायचे, ही तुझी रीत मला मान्य नाही. त्यात तुझ्या हाताची मजुरी कुठे आहे? वडी मुरायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तेवढे दिवस तेलात घातलेला पैसा फळीवर पडून राहतो, तोही हिशेबात धर. वाया गेलेल्या वड्या, दुकानदाराचा वाटा, परवान्याचा खर्च हे सगळे मांडूनही किंमत बाजारच्या साबणाच्या कितीतरी पट होईल. ती तशीच ठेव. यंत्रावरच्या साबणाशी भावात स्पर्धा करायला गेलीस तर पहिली काटछाट तेलात होईल, आणि मग तुझ्या साबणात तुझे असे काही उरणार नाही.

या मुरण्याच्या दिवसांमुळे आपले पंचांगही वेगळे चालते. नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाला जो साबण घरोघर जायचा, तो गणपतीच्या सुमारास साच्यात पडलेला असावा लागतो. जत्रेचा माल ऑक्टोबर संपण्याआधी. पावसाळ्यात आमच्याकडे वडीतले ग्लिसरीन हवेतले पाणी ओढून घेते आणि वड्यांना घाम फुटतो. पुण्यात हा त्रास कमी असेल, तरी जुलै-ऑगस्टमध्ये वड्या मुरायला जास्त दिवस धर आणि त्या सुट्या मांड.

तुझ्या यादीतल्या सगळ्या सुगंधांना माझी संमती नाही. तीनच साबण घेऊन बाजारात ये. माझ्याकडे सर्वांत जास्त खपतो तो भिरंडेलाचा, म्हणजे कोकमाच्या बियांच्या तेलाचा, आणि तो इथला आहे म्हणूनच खपतो असे मी मानते. आमसुले करून उरलेल्या कोकमाच्या बिया वाळवायच्या, कुटायच्या, पाण्यात उकळायच्या आणि वर आलेला मेद गार झाल्यावर मुठीने वळून त्याचे गोळे करायचे, हे काम आमच्या शेजारच्या काकू अजून करतात. पायाच्या भेगांना इथले लोक ते तेल पिढ्यान्‌पिढ्या लावत आले आहेत, त्यामुळे साबणात ते का घातले हे इथे कोणाला समजावून द्यावे लागत नाही. ते घातले की मिश्रण झपाट्याने पिठल्यासारखे दाटते, म्हणून त्यात तुझ्यासारखी नक्षी मला काढता येत नाही. नक्षी हे तुझे बळ आहे. नागरमोथा, वाळा आणि कचोऱ्याचे उटणे तुझी आजी घरी कुटत असे, हे तूच मला सांगितले होतेस. त्या उटण्याची एक वडी, मंजिष्ठेची एक आणि निळीची एक, एवढ्यावर वर्षभर राहा. तयार साबणाचा बेस वितळवून साच्यात ओतण्याचा सोपा मार्गही तू विचारला आहेस. त्यात कमीपणा काही नाही, पण मग वेष्टनावर तसे स्पष्ट लिहावे लागेल, आणि तेलापासून साबण करणारा तुझा हात त्यात वाया जाईल.

नोकरी निदान पहिली दिवाळी होईपर्यंत सोडू नकोस. तुझ्या तिन्ही वड्यांचे तेलांचे प्रमाण ग्रॅममध्ये लिहून मला पाठव. मी सोड्याचे गणित स्वतंत्रपणे मांडते आणि आपण दोघींचे आकडे ताडून पाहू. पुढच्या आठवड्यात एक किलो भिरंडेल बसच्या पार्सलने पाठवते आहे, ते एखाद्या लहान घाण्यात घालून बघ. अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात जाशील तेव्हा जागेचा नकाशा आणि भाडेकराराची प्रत बरोबर ने, आणि तिथे काय सांगितले ते मला सविस्तर कळव.

घरातील वडीलधाऱ्यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझीच,
कुडाळची मैत्रीण