विमान ‘गॅरेजला टाकून’ मोकळं होता येत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या हौशी विमानमालकांवरचा लेख काल वाचला. लेखकाने मेहनत घेतलीय, हे आधीच सांगतो. पण वर्षातून एकदा विमान गॅरेजला टाकायचं आणि आठवड्याने उचलायचं, अगदी गाडीसारखं, असं जे त्यात लिहिलंय ते वाचून मला रात्री झोप लागली नाही. मी डेटनजवळ राहतो, ओहायोत, आणि तिघांच्या भागीदारीत आमच्याकडे १९७५ चं सेसना १७२ हे छोटं विमान आहे, त्यामुळे हे मी लिहायलाच हवं.

गाडीची सर्व्हिसिंग चुकली तरी गाडी चालते हो. इथे अ‍ॅन्युअल इन्स्पेक्शनची, म्हणजे दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीची, मुदत संपली की विमान जमिनीवर, हलवायचं तर एफएएकडून, म्हणजे इथल्या सरकारी विमान वाहतूक खात्याकडून, स्पेशल परमिट काढा. मागच्या मार्चमध्ये तपासणीची सही कधीही झालेली असली तरी यंदाच्या ३१ मार्चपर्यंत उडवता येतं, १ एप्रिलला नाही. ही तारीख शॉपवाल्यांना, म्हणजे विमान तपासणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्यांना, पक्की माहीत असते आणि मालकाचा हात तिथेच दगडाखाली सापडतो.

आमचा जुना मेकॅनिक रिटायर झाला. तो गवताच्या धावपट्टीवरच्या छोट्या हँगरमध्ये (विमान ठेवायच्या शेडमध्ये) काम करायचा, सीट काढणं, पॅनल उघडणं ही कामं आमच्याकडून करून घ्यायचा, आणि टॉर्च मारून प्रत्येक गोष्ट दाखवायचा, हे बघ इथे केबल घासतेय, हे पुढच्या वर्षी बदलू. तो गेल्यावर आम्ही मोठ्या एअरपोर्टवरच्या एका शॉपकडे गेलो. नाव लिहीत नाही. फेब्रुवारीत विमान नेऊन दिलं, बोलणं स्पष्ट झालं होतं की आधी तपासा, मग फोन करा, मग काय करायचं ते मालक ठरवतील. फोन आला तेव्हा दोन सिलिंडर इंजिनवरून उतरवून झाले होते.

का, तर म्हणे कॉम्प्रेशन कमी. एकाचं ८० पैकी ६४, दुसऱ्याचं ६६. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सिलिंडरमध्ये ८० पाउंड दाबाची हवा सोडतात आणि त्यातली किती टिकते ते बघतात. ही टेस्ट इंजिन गरम असताना करायची असते, आणि तेच सिलिंडर पुन्हा मोजलं तर आकडा बदलतो हे कुठलाही मेकॅनिक मान्य करेल. खुद्द इंजिन बनवणारी लायकॉमिंग कंपनी ६० च्या खाली गेल्यावर सिलिंडर काढायचा विचार करा म्हणते. आमचं इंजिन ओहायोच्या फेब्रुवारीत, गारठलेल्या हँगरमध्ये मोजलं. मी विचारलं, गरम करून परत मोजलंत का? नाही. बोअरस्कोप, म्हणजे बारीक नळीचा कॅमेरा, आत घालून एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे फोटो काढलेत का? नाही. मग कशाच्या भरवशावर पाना लावलात?

सिलिंडर काढणं हे वरवरचं काम नसतं. या इंजिनात काही लांब बोल्ट क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य कवचाच्या, दोन्ही अर्ध्या भागांतून आरपार जातात, तेच सिलिंडरला धरतात आणि मुख्य दांडा ज्यांत फिरतो ती आतली मेन बेअरिंगसुद्धा त्यांच्याच ताणावर घट्ट बसलेली असतात. ते सैल केले आणि परत आवळताना टॉर्क (आवळायचा जोर) कमी पडला तर बेअरिंग सरकू शकतं, आणि असल्या गोष्टी हवेत गेल्यावरच कळतात. म्हणजे चांगल्या चाललेल्या इंजिनात विनाकारण नवीन धोका घातला, तोही मालकाला न विचारता.

आणि लेखात जे यायला हवं होतं ते हे, की तपासणी वेगळी आणि दुरुस्ती वेगळी. एफएएचा नियम असा आहे की तपासणाऱ्याला विमान उडण्यायोग्य वाटलं नाही तर त्याने लॉगबुकात, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, तशी नोंद करायची आणि दोषांची सही-तारखेसह यादी मालकाच्या हातात द्यायची, त्याची तपासणी तिथे पूर्ण झाली. त्या दोषांची दुरुस्ती मालक दुसऱ्या मेकॅनिककडून करून घेऊ शकतो, अख्खी अ‍ॅन्युअल पुन्हा करावी लागत नाही. विमान उडण्यायोग्य ठेवायची मुख्य जबाबदारीही नियमाने मालकावर टाकलेली आहे. मी ती यादी मागितली तर मॅनेजर म्हणाला, आमच्याकडे अशी पद्धत नाही. सुटं केलेलं इंजिन घेऊन मी दुसरीकडे जाणार तरी कसा?

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. सिलिंडर ओव्हरहॉलला, म्हणजे पूर्ण दुरुस्तीला, पाठवले, तिथे वेटिंग. पार्ट्सची बोंब करोनानंतर सगळीकडेच आहे, मला मान्य आहे, पण म्हणूनच तर काढायच्या आधी विचारायला हवं होतं ना! विमान उडत नसलं तरी इन्शुरन्स आणि हँगरचं भाडं चालूच. माझी आई जूनमध्ये साताऱ्याहून आली होती, वय ७८, मुलाच्या विमानात एकदा बसायचं एवढ्यासाठी गुडघे दुखत असताना तिने एवढा प्रवास केला. तिला विमान दाखवायला त्या शॉपमध्ये नेलं तेव्हा पुढचं कव्हर काढलेलं, सिलिंडरच्या जागी भोकांना प्लास्टिक बांधलेलं. तिने पंखाला हात लावला आणि म्हणाली, राहू दे, पुढच्या वेळी. दसऱ्याच्या आत ती परत गेली, आता डॉक्टर तिला लांबचा प्रवास नको म्हणतात. याची भरपाई कुठल्या बिलात लिहायची ते मला त्या शॉपने सांगावं.

बिल अंदाजापेक्षा कितीतरी जास्त आलं आणि ते चुकतं होईपर्यंत लॉगबुकं दिली नाहीत. पैसे थकले तर विमान अडवायचा हक्क शॉपला बऱ्याच राज्यांत आहे, पण आमचे थकले नव्हते, आम्ही फक्त हिशोब मागत होतो. शेवटी भरले. विमान मी एकट्यानेच वर नेलं, सिलिंडरच्या रिंगा नीट बसाव्यात म्हणून जास्त पॉवरवर एअरपोर्टच्या वरच घिरट्या घातल्या, खाली उतरून बघतो तर पोटाला तेलाचा पट्टा. रॉकर कव्हरचं, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचं, गॅस्केट (तेल अडवणारी पट्टी) चिमटून बसवलेलं. शॉपचं उत्तर, थोडं तेल येतंच.

मेकॅनिक मिळत नाहीत, तरुण पोरं जास्त पगारासाठी एअरलाइन्सकडे जातात, हे सगळं खरं. मला सगळ्या मेकॅनिकांना नावं ठेवायची नाहीत, त्या जुन्या मेकॅनिकच्या जिवावर आम्ही बिनघोर उडत होतो. पण तुमचा लेख वाचून इथला एखादा मराठी मुलगा उद्या जुनं सेसना घेईल आणि तोंडी बोलून किल्ली देऊन येईल. त्याच्यासाठी कृपया पुढच्या अंकात एवढं तरी छापा, की विमान सोडायच्या आधी ‘फक्त तपासणी, लेखी परवानगीशिवाय दुरुस्ती नाही’ असं कागदावर लिहून शॉपची सही घ्यावी आणि लॉगबुकांची मूळ प्रत देण्याआधी सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवावेत.

जाता जाता, लेखासोबतच्या फोटोखाली सेसना १७२ लिहिलंय. फोटोतल्या विमानाचे पंख खाली आहेत, ते पायपर या दुसऱ्या कंपनीचं आहे. सेसना १७२ चे पंख वर असतात, जगात सर्वात जास्त बनलेलं विमान आहे ते, ४०,००० च्या वर बनलीत. निदान हे तरी तपासून छापत जा.

आपला,
एक वाचक, डेटन, ओहायो