जुना संगणक भंगारात काढण्याआधी

संपादक महोदय,

विंडोज १० चा नियमित सपोर्ट (मोफत सुरक्षा अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सोलापूरच्या नवी पेठेतल्या दुकानांतले, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या ऑफिसांतले धडधाकट संगणक भंगारात जाऊ नयेत, असे मनापासून वाटते. ४ जीबी रॅम असेल तर त्यावर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी वापरता येणारी ऑपरेटिंग सिस्टीम फुकटात चांगली चालते. फक्त आधी तपासावे, मग बसवावे.

८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्यावा. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल (मिंटची पूर्ण प्रत) उतरवून ती रूफस या विंडोजवरच्या छोट्या प्रोग्रामने पेनड्राइव्हवर लिहावी. नुसती कॉपी-पेस्ट केली तर संगणक त्यावरून सुरूच होत नाही. नवख्यांचे घोडे बहुधा इथेच अडते. संगणक चालू करताना डेल-लेनोव्होवर एफ१२, एचपीवर एफ९ दाबून पेनड्राइव्ह निवडावा. मिंट तिथूनच चालते, हार्ड डिस्कला धक्का लागत नाही. वायफाय, आवाज, प्रिंटर तेव्हाच पाहून घ्यावेत. वायफाय दिसले नाही तर मोबाइल यूएसबीने जोडून इंटरनेट घ्यावे आणि ड्रायव्हर टाकावा. दुरुस्तीवाल्यांनीही फॉरमॅट मारण्याआधी गिऱ्हाइकाला एवढे दाखवायलाच हवे.

टॅली, डिजिटल सहीचे टोकन किंवा चादर-टॉवेलच्या जॅकार्ड डिझाइनचे सॉफ्टवेअर विंडोजवरच चालत असेल, तर विंडोज पुसू नये. मिंट त्याच डिस्कवर विंडोजच्या शेजारी बसवावे, म्हणजे संगणक सुरू करताना दोन्हींतले हवे ते निवडता येते. त्याआधी सगळ्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवावी आणि विंडोजमधले फास्ट स्टार्टअप बंद करावे. ते चालू राहिले तर विंडोज पुरते बंद होत नाही, मग मिंटमधून विंडोजच्या पार्टिशनवर (डिस्कच्या त्या भागावर) काही लिहिता येत नाही. इन्स्टॉल करताना ‘डिस्क पुसा’ या अर्थाचा पर्याय निवडला की सगळा डेटा गेलाच. मिंटला जागा करण्यासाठी विंडोजचे पार्टिशन लहान होत असताना वीज गेली तरी तोच धोका, म्हणून डेस्कटॉपला यूपीएस हवाच.

पत्रिका, बिलबुके छापणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट नसेल तर अगम्य दिसतो. विंडोज चालू आहे तोवरच तो मजकूर युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या सांकेतिक पद्धतीत) बदलून ठेवावा. मिंटमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो.

– एक वाचक, जुळे सोलापूर