आईच्या ‘हं’साठी

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही “एकदम ठणठणीत” म्हणालात आणि मागून आईचा बारीकसा ‘हं’ ऐकू आला. त्या ‘हं’मुळे लिहायला बसले.

हर्नियाची कळ आली त्या रात्री तुम्ही पलंगाच्या कडेला उशी पोटाशी दाबून पहाटेपर्यंत बसून राहिलात. का, तर “गॅस झालाय”! पहिल्या डॉक्टरांनीही एक्स-रे बघून ॲसिडिटीचं इंजेक्शन टोचलं आणि घरी पाठवलं. त्यांचा राग अजून गेलेला नाही माझा. पण जठर काढलंय हे तुम्ही तरी त्यांना कुठे सांगितलंत?

मला वाटायचं, हर्निया म्हणजे बाहेर फुगवटा दिसणारच. हा आतला. जठर काढलं की लहान आतड्याचा फाटा वर ओढून अन्ननलिकेला जोडतात, आणि त्या फाट्यामागे एक फट राहते. पीटरसन नावाच्या जर्मन सर्जननं १९०० मध्येच यावर लिहून ठेवलंय. तुमचं जठर दुर्बिणीनं काढलं, त्या ऑपरेशनचं आपण केवढं कौतुक केलं! त्यात आतडी एकमेकांना कमी चिकटतात, ते चांगलंच; पण मग ती मोकळी फिरतात. त्यात तुमचं वजन उतरलं (कॉलरमध्ये आता दोन बोटं सहज जातात), आतली चरबी झडली, फट रुंदावली आणि आतडं त्यात शिरून पिळलं. सीटी स्कॅनमध्ये रक्तवाहिन्या भोवऱ्यासारख्या गुंडाळलेल्या दिसल्या. अजून उशीर झाला असता तर आतडं काळं पडून कापावं लागलं असतं. नुसता पीळ सोडवून फट शिवण्यावर भागलं.

आई, एक कार्ड लिही, ठळक अक्षरांत: ‘जठर पूर्ण काढलेलं आहे, लहान आतडं वर जोडलेलं आहे.’ ते बाबांच्या पाकिटात राहू दे. कळ येऊन-जाऊन यायला लागली, उलटी झाली, जेवल्यावर छाती दाटून धाप लागली (आतडं छातीतही सरकू शकतं), तर थेट सर्जनकडे. दुर्बिणीच्या छेदापाशी गाठ हाताला लागली, तर तीही दाखवायची.

रात्री दोन वाजले तरी मला उठव. बाबांची परवानगी काढत बसू नकोस.

आणि या महिन्याचं बी-१२ चं इंजेक्शन राहिलंय.

तुमची,
धाकटी