नेमबाजीला सेमी-ऑटोमॅटिक कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत एका वाचकाने विचारलं होतं, 'लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी अचूक आणि भरवशाची सेमी-ऑटोमॅटिक रायफल कोणती घ्यावी?' उत्तरात तुम्ही पाच परदेशी रायफलींची नावं, डॉलरमधल्या किमती आणि प्रत्येकीपुढे 'एक मिनिटाच्या आतला नेम' असा शेरा छापलात. मी 24 वर्षं फौजेत ईएमईचा (यंत्रं आणि शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या विभागाचा) आर्मरर होतो. दुसऱ्यांनी झाडायच्या आणि आम्ही दुरुस्त करायच्या, अशी नोकरी. त्यातला बराच काळ एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल) या फौजी रायफलीच्या संगतीत गेला, आणि एसएलआर म्हणजे सेमी-ऑटोमॅटिकच: चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप भरली जाते. म्हणून लिहावंसं वाटलं.

आधी त्या 'एक मिनिटा'बद्दल. हे घड्याळातलं मिनिट नव्हे, अंशाचा साठावा भाग. 100 मीटरवर तो साधारण 2.9 सेंटिमीटर होतो, 300 मीटरवर पावणेनऊ. जाहिरातीत हा आकडा बहुतेक वेळा तीन गोळ्यांच्या ग्रुपचा (टार्गेटवरच्या भोकांच्या घोळक्याचा) असतो, तोही सगळ्यात चांगल्या ग्रुपचा. तीन गोळ्या काय, कुणाच्याही जवळजवळ पडतात कधीतरी! दहा गोळ्यांचा एक, असे चार-पाच ग्रुप एकाच बैठकीत, नळी तापल्यावरसुद्धा मारून दाखवा, मग बोलू. आम्हाला एसएलआरने 100 मीटरवर पाच गोळ्या चार इंचांत बसवायला सांगायचे आणि बसल्या की उस्ताद पाठ थोपटायचा. तोच ग्रुप 300 मीटरवर नेला तर फुटाएवढा होतो. 300 मीटरच्या आंतरराष्ट्रीय टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ आहे 10 सेंटिमीटरचं. लढाईला एसएलआर उत्तमच होती, माझं तिच्यावर प्रेम आहे. पण दहाच्या वर्तुळाशी तिचं काही देणंघेणं नव्हतं.

असं का, ते उद्यमनगरातल्या माझ्या टर्नर मित्राला मी एकदा त्याच्याच लेथवर समजावलं. म्हटलं, तुझा जॉब चकमध्ये घट्ट आहे, पण टूलपोस्ट (हत्यार धरणारा भाग) बिजागरीवर बसवलाय, मग माप येईल का? एसएलआर साफसफाईसाठी मधोमध उघडते. मागची साइट (नेम धरायची खूण) खालच्या तुकड्यावर, पुढची साइट नळीवरच्या गॅस ब्लॉकवर. जुन्या रायफलीत त्या दोन तुकड्यांत केसभर खेळ पडला की डोळा एकीकडे आणि नळी दुसरीकडे. मी कोतात (शस्त्रागारात) रायफल हातात घेतली की पहिल्यांदा कानाजवळ धरून हलवून बघायचो. टकटक ऐकू आली, की तिचं झिरोइंग (साइट आणि गोळीचा जुळवलेला मेळ) टिकणार नाही हे कार्ड न बघता सांगायचो.

शिवाय गोळी नळीत असतानाच थोडा गॅस भोकातून वर जातो, पिस्टनला ढकलतो, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग) मागे येतो, रिकामी पुंगळी फेकतो आणि पुढची गोळी कोंबतो. एवढा लोखंडाचा पसारा हलतो. बोल्ट-ॲक्शनमध्ये हे सगळं तुमच्या हाताने होतं, गोळी टार्गेटवर पोचल्यानंतर.

1987 च्या हिवाळ्यात बटालियनची फायरिंग स्पर्धा होती. आमच्या सुभेदार साहेबांची रायफल मी आदल्या रात्री जीव ओतून साफ केली. पुलथ्रूला नवी चिंदी लावून नळी आरशासारखी केली, वर तेलाचा हात फिरवला, गॅस प्लग काढून पिस्टन चकचकीत केला. सकाळी नळी कोरडी करायची राहून गेली. साहेबांच्या पहिल्या दोन गोळ्या टार्गेटच्या वरच्या कडेला गेल्या. पुढे रॅपिड फायरला दुसऱ्याच गोळीनंतर पुंगळी खिडकीत उभी अडकली. रात्री रेग्युलेटर (पिस्टनकडे किती गॅस जावा हे ठरवणारी फिरती कडी) परत बसवताना मी तो जुन्या घरावर आणलाच नव्हता. गॅस कमी पडला, बोल्ट पूर्ण मागे गेला नाही. साहेब उठून आले आणि एवढंच म्हणाले, "चकाचक केलीस रे, चालती नाही केलीस."

त्या दिवसापासून मी रेग्युलेटर आधी पूर्ण उघडा ठेवून, एकेक घर बंद करत, पुंगळी नीट फेकली जाते का आणि पुढची राऊंड चढते का हे बघायचो. जिथे चालायला लागते तिथून आणखी एक-दोन घरं पुढे, आणि तो आकडा खडूने बटवर लिहून ठेवायचा. भरवसा रायफलीच्या कंपनीपेक्षा अशा बारीक गोष्टींत असतो. आणि मॅगझीनमध्ये (गोळ्यांच्या पेटीत)! माझ्याकडे अडकते म्हणून आलेल्या दहा रायफलींत सहा-सात वेळा रायफल धडधाकट आणि मॅगझीनचे ओठ वाकलेले. कुणीतरी जवानाने ते खाटेखाली टाकून त्यावर ट्रंक ठेवलेली असायची.

मग सेमी-ऑटोमॅटिक अचूक नसतेच का? असते. अमेरिकेत ओहायोतल्या कॅम्प पेरीला 1907 पासून राष्ट्रीय स्पर्धा होतात. तिथे सर्व्हिस रायफल गटात आधी गॅरंड, मग एम-14 आणि आता एआर-15 जातीच्या रायफली 600 यार्डांवर मारतात आणि सुरेख मारतात. पण त्या मूळच्या फौजी रायफली राहिलेल्या नसतात. एम-14 चा लाकडी दस्ता आणि रिसीव्हर यांच्यामध्ये रेझिन भरून बैठक पक्की करावी लागते. एआरला जाड मॅच बॅरल (स्पर्धेसाठीची नळी), आणि हातपकड नळीला कुठेही न टेकणारी. पट्टा ताणला तरी नळी वाकू नये म्हणून. चाप दोन टप्प्यांचा, शेवटचा टप्पा काच तुटावी तसा. गोळ्या एकाच लॉटच्या. आणि हे सगळं लोक का करतात? कारण त्या स्पर्धेत घड्याळ आहे. 200 यार्डांवर 10 गोळ्या 60 सेकंदांत, 300 वर 70 सेकंदांत. तिथे आपोआप भरणारी रायफल कामाची. आपल्या फौजेतल्या ड्रॅगुनॉव्ह स्नायपर रायफलीचंही तसंच, दुसरी गोळी चटकन जावी म्हणून ती सेमी-ऑटोमॅटिक आहे. आणि 2019 मध्ये नियंत्रण रेषेवरच्या स्नायपरांसाठी फौजेने लांब पल्ल्याला कोणत्या रायफली घेतल्या? बॅरेट एम-95 आणि बेरेटाची स्कॉर्पिओ. दोन्ही बोल्ट-ॲक्शन.

आता कोल्हापूरचं. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिसमध्ये कांस्य घेतलं, ते 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून), 451.4 गुणांनी. आपल्याच तेजस्विनी सावंत 2010 ला म्युनिकमध्ये विश्वविजेत्या झाल्या, त्या 50 मीटर प्रोनमध्ये (पालथं झोपून). या प्रकारांत रायफल प्रत्येक गोळीला हाताने भरायची, असा नियमच आहे. दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं, साधारण शर्टाच्या गुंडीएवढं. सेमी-ऑटोमॅटिक तिथे घेऊन गेलात तर पंच दारातूनच परत पाठवतील.

आणि ती मुळात मिळणार कुठून? शस्त्र नियम 2016 च्या अनुसूचीत सेमी-ऑटोमॅटिक रायफली पहिल्या, म्हणजे मर्यादित वर्गात आहेत. तुमच्या पुरवणीत याची एक ओळही नव्हती. माझ्या चुलतभावाच्या मुलाने दोन वर्षांपूर्वी परगावच्या एका विक्रेत्याला '.22 सेमी-ऑटो, स्पोर्ट्स लायसन्सवर चालते' या बोलीवर बयाणा दिला. लायसन्स काही मिळालं नाही, मिळणारही नव्हतं. बयाणा आजपर्यंत परत नाही. पोरगं शहाणं आहे, बी.ई. झालंय. तरी फसलं, कारण कुठेतरी असंच काहीतरी छापलेलं वाचलं होतं.

ज्याला खरंच नेम शिकायचाय त्याने 10 मीटर एअर रायफलपासून सुरू करावं. 4.5 मिलिमीटरची, 20 जूलच्या आतली असेल तर परवाना लागत नाही. तिच्या टार्गेटवरचा दहा हा अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका असतो, तेव्हा लांब पल्ल्याची हौस तिथेच भागते. पुढे .22 ला जायचं झालं तर रायफलीपेक्षा गोळ्यांवर पैसे घाला. एकच रायफल एका लॉटच्या गोळ्या एका भोकात घालते आणि दुसऱ्या लॉटच्या विखुरते. मोठे नेमबाज वेगवेगळे लॉट मारून बघून मगच पेट्या घेतात. नळीचं तोंड तपासा, तिथे नखाला लागेल एवढी खरवड असली तरी गोळी तिरकी निघते. दस्ता आपल्या गालाला, खांद्याला बसतो का ते बघा. दुसऱ्याच्या मापाची रायफल म्हणजे दुसऱ्याची चप्पल.

आमच्या गल्लीतली एक मुलगी आठवीत आहे, दुधाळीच्या रेंजवर जाते. क्लबचीच रायफल वापरते, अजून स्वतःची घेतलेली नाही. मी तिला नळीच्या टोकावर रुपयाचं नाणं ठेवून रिकामा चाप ओढायला लावतो, अर्थात रायफल रिकामी आहे हे दोघांनी दोनदा तपासून. पहिल्या आठवड्यात नाणं प्रत्येक वेळी खणकन फरशीवर. आता वीसात दोनदा पडतं. तिची आई परवा तुमची पुरवणी घेऊनच आली, "आबा, यातली कुठली घिऊया?" म्हणून.

त्यांना मी समजावलं. पण पुरवणी इतरही घरांत गेली असेल. तेव्हा येत्या रविवारी त्याच जागी, त्याच टायपात, शस्त्र नियमांबद्दलची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त हवालदार (आर्मरर)
कसबा बावडा, कोल्हापूर