गाडी उलटली ते छापलंत, ड्रायव्हर चालत बाहेर कसा आला तेही छापा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या क्रीडा पानावर खालच्या कोपऱ्यात एक फोटो आला होता, हवेत उलटी झालेली रेसिंग कार, खाली ठिणग्या, मागे जाळी, आणि वर मथळा 'फॉर्म्युला वनचा थरार'. बातमी म्हणाल तर दोन ओळी, ड्रायव्हर थोडक्यात बचावला, दैव बलवत्तर वगैरे. साहेब, रागावून लिहीत नाहीये, पण ती फॉर्म्युला वनची गाडी नव्हतीच हो. डोक्यावर छप्पर होतं, चाकं मडगार्डच्या आत होती, दारावर हातभर मोठा नंबर होता. ती स्टॉक कार, अमेरिकेतल्या नॅस्कारची, म्हणजे तिकडे अशा गाड्यांच्या शर्यती भरवणाऱ्या संस्थेची. घरी भाच्याला दाखवलं तर तो म्हणतो पेपरवाले चुकणार नाहीत, तूच चुकतोयस, आणि यावरून आमची पैज लागली. ती जाऊ दे. मला जास्त खटकलं ते दैव बलवत्तर, कारण तो माणूस वाचला त्यात दैवाचा वाटा फार थोडा होता.

आधी स्टॉक म्हणजे काय ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना शेअर बाजार आठवतो. स्टॉक म्हणजे शोरूममधून आणली तशीच्या तशी गाडी, निदान सुरुवातीला तरी तसंच होतं. आता फक्त नाव उरलंय. आजच्या गाडीला उघडणारं दार नसतं, ड्रायव्हर खिडकीतून आत घुसतो, आणि पुढचे हेडलाइट दिसतात ना तुम्हाला, ते चक्क स्टिकर असतात, दिवे नाहीतच.

आणि ही सगळी भानगड सुरू झाली हातभट्टीच्या दारूवरून. खरंच. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, आणि ती उठल्यावरही दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात, नॉर्थ कॅरोलायना, व्हर्जिनिया, जॉर्जिया या पट्ट्यात, टॅक्स चुकवून दारू गाळायचा आणि रात्री गाडीतून पोचवायचा धंदा जोरात चालू राहिला. गाडी बाहेरून अगदी साधी दिसली पाहिजे, आतून मात्र इंजिन असं बनवलेलं की मागे लागलेला सरकारी माणूस धुळीत राहिला पाहिजे, आणि मागच्या स्प्रिंगा जास्तीच्या कडक, म्हणजे डिकीत माल भरला तरी गाडीची शेपटी खाली बसायला नको, नाहीतर बघणाऱ्याला लगेच कळतं. मग हीच पोरं सुट्टीच्या दिवशी माळावर कोणाची गाडी पळते ते बघायला जमायची. ज्युनियर जॉन्सन हा त्यातलाच, बापाच्या भट्टीवर पकडला गेला, तुरुंगात जाऊन आला, पुढे नॅस्कारच्या ५० शर्यती जिंकला आणि १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगननी त्याला माफी दिली.

डिसेंबर १९४७ मध्ये फ्लोरिडातल्या डेटोना बीचच्या स्ट्रीमलाइन हॉटेलात बिल फ्रान्स नावाच्या माणसाने या सगळ्या विस्कळीत मंडळींना एकत्र बसवलं आणि १९४८ च्या फेब्रुवारीत नॅस्कार स्थापन झाली. तेव्हा डेटोनाची शर्यत निम्मी वाळूवर आणि निम्मी रस्त्यावर व्हायची, भरती-ओहोटी बघून वेळ ठरवायची. १९४९ मध्ये शार्लटला 'जशीच्या तशी' गाड्यांची पहिली शर्यत झाली तेव्हा ग्लेन डनवे पहिला आला, तपासणीत त्याच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगा सापडल्या, त्याच, दारूवाल्या! त्याला बाद करून जिम रोपरला विजेता केलं. म्हणजे पहिल्या शर्यतीपासूनच नियम आणि तो वाकवणारा मेकॅनिक यांची जुंपलेली आहे, ती अजून चालूच आहे, आणि खरं सांगायचं तर मला त्यातच अर्धी मजा येते. या इतिहासात लाजिरवाणं पण आहे. वेंडेल स्कॉट या कृष्णवर्णीय ड्रायव्हरने १९६३ च्या डिसेंबरमध्ये जॅक्सनव्हिलला शर्यत जिंकली, जाहीर मात्र दुसऱ्याला केलं, नंतर चूक कबूल केली पण ट्रॉफी त्याला जिवंतपणी मिळालीच नाही, घरच्यांच्या हातात पडली २०२१ मध्ये.

आता थराराकडे येतो, कारण 'गोल गोल तर फिरतात, त्यात काय बघायचं' हे मी इतक्यांदा ऐकलंय. १९५९ मध्ये डेटोनाला अडीच मैलांचा नवा ट्रॅक उघडला, वळणांचा उतार ३१ अंश, म्हणजे तिथे पायी उभं राहायचं तरी तोल सावरावा लागतो. पहिलीच डेटोना ५००, आणि ली पेटी आणि जॉनी बोशाँप असे बरोबरीने रेषेवर आले की आधी बोशाँपला विजेता म्हटलं, मग तीन दिवस फोटो आणि फिल्म तपासत बसले आणि पेटी जिंकला. पाचशे मैल पळून तीन दिवस निकाल नाही! आणि हे काही जुन्या काळचं नवल नाही, २०२४ मध्ये कॅन्ससला काइल लार्सन ०.००१ सेकंदाने जिंकला.

हे होतं कसं, तर हवेमुळे. पुढची गाडी हवा फाडत जाते, तिच्या पाठीला नाक लावून जाणाऱ्याला फाडलेली हवा फुकटात मिळते, याला ड्राफ्टिंग म्हणतात आणि १९६० च्या डेटोनात आपल्या त्या दारूवाल्या ज्युनियरने हे ओळखलं, त्याची शेव्हरले इतरांपेक्षा मंद होती, तो नुसता वेगवान गाड्यांच्या मागे चिकटून राहिला आणि शर्यत घेऊन गेला. गंमत पुढे आहे. मागे चिकटलेल्यामुळे पुढच्याचाही फायदा होतो, दोन गाड्या मिळून एकट्या गाडीपेक्षा जास्त पळतात. म्हणजे ज्याला हरवायचंय त्याचीच तुम्हाला गरज आहे. एकटा बाहेर पडलात की बघता बघता दहा-पंधरा नंबर खाली. त्यामुळे शेवटच्या काही फेऱ्यांत चाळीसेक गाड्या दोन-दोन तीन-तीनच्या रांगांत, मधे हातभर अंतर, आणि प्रत्येक जण मनात हिशोब करतोय की माझ्यामागचा मला ढकलत राहील की ऐनवेळी बाजूने निघेल. मित्र शेवटच्या वळणापर्यंतच. हे एकदा कळलं की गोल गोल वाटत नाही साहेब, पत्त्यांचा डाव वाटतो.

आता मुद्द्याचं, अपघात. या खेळात डोळ्यांना जे भयंकर दिसतं ते बहुतेक वेळा तितकं जीवघेणं नसतं आणि जे साधं दिसतं ते जीव घेतं. स्टीलची बादली जिन्यावरून गडगडत खाली आली तर आवाज केवढा होतो, पोचे पडतात, पण बादली शाबूत राहते, तीच वरच्या मजल्यावरून सरळ फरशीवर पडली तर एकच आवाज आणि तळ फुटतो. गाडी पलट्या खाते तेव्हा प्रत्येक पलटीत थोडा थोडा वेग मरतो. भिंतीवर नाक आपटून एका क्षणात थांबते तेव्हा गाडी थांबते, पट्ट्याने बांधलेली छाती थांबते, डोकं मात्र पुढे जातच राहतं.

१८ फेब्रुवारी २००१, डेटोना ५००, शेवटची फेरी, शेवटचं वळण. डेल अर्नहार्ट, सात वेळचा चॅम्पियन, तिसऱ्या नंबरवर, पुढे पहिले दोघं त्याच्याच मालकीच्या गाड्यांतले, त्यात एक त्याचा मुलगा. मागून हलका धक्का, गाडी आधी खाली आणि मग वर भिंतीकडे गेली, धडकली, घसरत खाली गवतात येऊन थांबली. मी ते फुटेज कितीदा तरी पाहिलंय, बघणाऱ्याला वाटतं आता उतरेल आणि चिडून हेल्मेट फेकेल. तो जागीच गेला होता. कवटीच्या तळाचं हाड मोडलं. त्याआधीच्या दहा महिन्यांत याच प्रकारच्या इजेने तीन जण गेले होते, अॅडम पेटी, केनी अर्विन आणि टोनी रोपर, त्यातला अॅडम १९ वर्षांचा, पहिली डेटोना ५०० जिंकणाऱ्या ली पेटीचा पणतू. अॅडम आणि अर्विन तर न्यू हॅम्पशरच्या एकाच वळणावर.

चीड येते ती याची की इलाज तयार होता. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीचे प्रोफेसर रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचा मेव्हणा जिम डाउनिंग, जो स्वतः ड्रायव्हर, या दोघांनी ऐंशीच्या दशकातच हान्स नावाची वस्तू बनवली होती. खांद्यावर बसणारी कडक कॉलर, तिच्यावरून सीटबेल्ट जातात, आणि तिला दोन पट्ट्यांनी हेल्मेट बांधलेलं. छाती थांबली की डोकंही थांबतं, एवढंच. पण ड्रायव्हर म्हणायचे मान वळत नाही, अडकल्यासारखं होतं, आणि त्या दिवशी डेटोनात मोजक्याच लोकांनी ती घातली होती, अर्नहार्टने नव्हती, तो तर चेहरा उघडा राहणारं जुनं हेल्मेटच घालायचा. आणि नॅस्कारने तरी लगेच सक्ती केली का, तर नाही, ऑक्टोबरमध्ये शार्लटला दुसऱ्या एका मालिकेच्या शर्यतीत अजून एक मुलगा गेला तेव्हा केली. आठ महिने! याबद्दल मी नॅस्कारला माफ करत नाही, कितीही फॅन असलो तरी.

आणि हे दर वेळी असंच झालंय. १९६४ मध्ये शार्लटला फायरबॉल रॉबर्ट्स जळाला (हे टोपणनाव त्याला आगीवरून नाही, बेसबॉलच्या वेगवान फेकीवरून पडलेलं, नशीब बघा), महिन्याभराने गेला, मग पेट्रोलच्या टाकीत रबरी पिशवी आणि आत फोम आला. १९७० मध्ये डार्लिंग्टनला रिचर्ड पेटीची गाडी पलट्या खाताना त्याचा हात खिडकीबाहेर लोंबकळताना सगळ्यांनी पाहिला, मग ड्रायव्हरच्या खिडकीला जाळी आली. १९८७ मध्ये टॅलाडेगाला गाड्या इतक्या पळायला लागल्या होत्या की बिल इलियटने ताशी २१२.८०९ मैल, म्हणजे ३४२ किलोमीटरचा क्वालिफाइंगचा (शर्यतीआधी कोण कुठे उभा राहणार ते ठरवणाऱ्या फेरीचा) रेकॉर्ड केला, आणि त्याच शर्यतीत बॉबी अॅलिसनचा टायर फुटून गाडी उडून प्रेक्षकांच्या जाळीवर गेली, जाळीचा मोठा तुकडा फाडला, काही प्रेक्षक जखमी झाले पण गाडी जाळीच्या आतच राहिली, नाहीतर काय झालं असतं विचार करवत नाही. (ती शर्यत जिंकला कोण, तर त्याचाच मुलगा डेव्ही, ज्याने बापाचा अपघात आरशात पाहिला होता.) मग १९८८ पासून इंजिनाला हवा कमी मिळावी म्हणून चार भोकांची प्लेट बसवली. वेग उतरला, पण आता सगळ्याच गाड्या सारख्या पळायला लागल्या, कोणी कोणाला सोडून पुढे जाईना, आणि त्या घोळक्यात एक चुकला की वीस-पंचवीस गाड्या एकात एक. त्याला तिकडे 'द बिग वन' म्हणतात. एक भोक बुजवलं तर दुसरीकडून पाणी.

भिंतीचंही तेच. नेब्रास्का युनिव्हर्सिटीच्या डीन सिकिंग यांच्या टीमने काँक्रीटच्या पुढे स्टीलच्या चौकोनी नळ्या आणि त्यांच्या मागे फोमचे ठोकळे अशी दबणारी भिंत बनवली, सेफर बॅरियर, ती २००२ मध्ये आधी इंडियानापोलिसला बसली आणि मग हळूहळू सगळीकडे. सगळीकडे म्हणजे जिथे गाडी आदळेल असं वाटलं तिथे. २०१५ मध्ये डेटोनाला काइल बुश नेमका जिथे नव्हती तिथे, आतल्या बाजूच्या उघड्या काँक्रीटवर जाऊन धडकला, उजवा पाय आणि डावं पाऊल मोडलं, ११ शर्यती बुडाल्या, आणि पठ्ठ्याने त्याच वर्षी चॅम्पियनशिप मारली.

अर्नहार्टनंतर नॅस्कारच्या तिन्ही मोठ्या मालिकांच्या शर्यतीत एकही ड्रायव्हर दगावलेला नाही. २०२० च्या डेटोना ५०० मध्ये रायन न्यूमन शेवटच्या फेरीत पुढे होता, मागून धक्का, भिंत, गाडी हवेत उलटी, त्यात दुसरी गाडी सरळ ड्रायव्हरच्या बाजूला येऊन आदळली, मग छपरावर घसरत ठिणग्या उडवत रेषा ओलांडून गेली. सगळ्यांना वाटलं संपलं. बुधवारी, म्हणजे दोनच दिवसांनी, तो दोन्ही मुलींचे हात धरून हॉस्पिटलमधून चालत बाहेर पडला. तो फोटो कोणी छापला?

आणि उलट उदाहरण पण देतो, नाहीतर म्हणाल हा नुसता वकिली करतोय. २०२२ मध्ये नवीन गाडी आली, नेक्स्ट जेन, भक्कम म्हणून भक्कम. इतकी भक्कम की मागचा भाग चेपेच ना, आणि गाडी चेपली नाही तर धक्का कुठे जाणार, माणसात. त्या जुलैत पोकोनोला कर्ट बुश क्वालिफाइंगमध्ये मागच्या बाजूने भिंतीला लागला, बघायला किरकोळ, फोटोग्राफर ढुंकून बघणार नाही असा, आणि मेंदूला मार बसून त्याची सगळी कारकीर्द तिथेच संपली. मग पुढच्या वर्षी मागचा सांगाडा मुद्दाम थोडा मऊ करावा लागला.

तेव्हा साहेब, उलट्या गाडीचे फोटो छापू नका असं मी म्हणत नाही, मी स्वतः पहिला तोच बघतो. पण खाली दैव लिहायच्या जागी हान्स, सेफर, नाहीतर जाळी एवढा एक शब्द तरी येऊ द्या. फेब्रुवारीत डेटोना ५०० असते, तिचा निकाल एका ओळीत का होईना द्या, अपघात नाही झाला तरी द्या. आणि ती फॉर्म्युला वनची दुरुस्ती लवकर छापलीत तर बरं, भाचा पैज हरलो म्हणायला अजून तयार नाही.

आपला,
एक नियमित वाचक