वस्ताद एडी फच यांना, न झालेल्या पंधराव्या राउंडबद्दल

आदरणीय वस्ताद,

आमच्याकडे तालमीत शिकवणाऱ्याला वस्ताद म्हणतात. माझे वडील तरुणपणी लाल मातीत उतरायचे, त्यामुळे हा शब्द आमच्या घरात फार जपून आणि फार आदराने वापरला जातो. जो फ्रेझरसारख्या जगज्जेत्या बॉक्सरला शिकवणाऱ्या तुम्हाला दुसरं काही म्हणायला जीभ वळत नाही. 10 ऑक्टोबर 2001 ला, नव्वदी गाठून, तुम्ही लास व्हेगासमध्ये जग सोडून गेलात. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही, हे मला कळतं. पण आभार मानायचे राहून गेलेत आणि ते आत ठेवून चैन पडत नाही, म्हणून सगळ्यांच्या देखत लिहिते आहे.

माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. बॉक्सिंग करते. गेल्या हिवाळ्यात एका स्पर्धेत दुसऱ्या राउंडला तिला दोन जबर ठोसे बसले. रेफ्रीने आठपर्यंत मोजलं, ती सावरली, पुन्हा भिडली. राउंड संपल्यावर स्टूलवर बसली तेव्हा सरांनी तिचं गमशील्ड, म्हणजे दातांवरचं कवच काढलं, तिच्या डोळ्यांत पाहिलं, काहीतरी विचारलं आणि खांद्यावरचा टॉवेल रिंगमध्ये टाकला, म्हणजे लढत तिथेच सोडून दिली. ती किंचाळलीच. मीही खुर्च्या ओलांडत कॉर्नरपाशी, रिंगच्या त्यांच्या कोपऱ्यापाशी गेले आणि चार लोकांत सरांना म्हणाले, "तीनच मिनिटं राहिली होती ना हो, सर?" ते एवढंच म्हणाले, "ताई, उद्या बोलू."

रात्री त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. खाली एक ओळ होती: "चौदावा राउंड बघा. नंतर कॉर्नर बघा."

तो कॉर्नर तुमचा होता. 1 ऑक्टोबर 1975, मनिलाजवळचं क्विझॉन सिटी. स्टूलवर जो फ्रेझर, समोर मुहम्मद अली. मी अलीला ओळखत होते, फ्रेझरचं फक्त नाव ऐकलं होतं. त्या रात्रीपासून मी फ्रेझरबद्दल मिळेल ते वाचत गेले. ज्याला तुम्ही थांबवलंत तो माणूस कुठून आला होता हे कळल्याशिवाय, थांबवताना तुमच्या मनाला काय वाटलं असेल याचा अंदाज मला आला नसता.

तो साउथ कॅरोलायनातल्या ब्युफोर्टचा. 12 जानेवारी 1944 चा जन्म. वडील रुबिन शेतमजुरी करायचे आणि त्यांना डावा हात नव्हता, म्हणून धाकटा जो लहानपणापासून बापाचा डावा हात होऊन राबला. घरात एक ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आला, त्यावर शेजारपाजारचे सगळे मिळून बॉक्सिंग बघायचे. एका काकाने पोराचा बांधा पाहून म्हटलं, हा जगज्जेत्या जो लुईससारखा दुसरा जो लुईस होणार. दुसऱ्याच दिवशी पोराने गोणपाटाच्या पोत्यात चिंध्या, मक्याची बुरकुंडं, मधोमध एक वीट आणि झाडावरचं शेवाळ भरलं, ते ओकच्या झाडाला टांगलं आणि बडवायला सुरुवात केली. पुढे डुक्कर मागे लागलं तेव्हा पळताना पडून त्याचा डावा हात मोडला. डॉक्टरला द्यायला पैसे नव्हते. हात जसा जुळायचा तसा वाकडा जुळला, तो पुन्हा कधी पूर्ण सरळ झाला नाही. जगाने ज्याची धास्ती घेतली तो डावा हुक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, याच हाताचा.

पंधराव्या वर्षी तो बसने उत्तरेला गेला. आधी न्यूयॉर्क, मग फिलाडेल्फिया. तिथे कत्तलखान्यात काम केलं, टांगलेल्या मांसावर गुद्दे मारत सराव केला. पोलिसांच्या व्यायामशाळेत तो पहिल्यांदा गेला तो वजन उतरवायला. तिथे प्रशिक्षक यँक डरहम यांनी त्याला हेरलं. 1964 च्या ऑलिंपिकसाठीच्या निवडीत तो बस्टर मॅथिसकडून हरला. मॅथिसच्या हाताला दुखापत झाली म्हणून राखीव असलेल्या फ्रेझरला टोकियोला जायला मिळालं. उपांत्य लढतीत त्याच्या डाव्या हाताचा अंगठा मोडला. त्याने कोणाला काही सांगितलं नाही. अंतिम लढत तशाच हाताने खेळून तो सुवर्णपदक घेऊन आला. त्या वर्षी बॉक्सिंगमध्ये अमेरिकेला मिळालेलं ते एकमेव सुवर्ण.

वस्ताद, हे वाचताना माझ्या पोटात गोळा आला. दुखतंय हे न सांगणं ही ज्याची सवय, त्याला "तू ठीक आहेस का" विचारून काय उपयोग? माझी मुलगीही तशीच आहे. सरांनी त्या दिवशी तिला काय विचारलं, हे मी नंतर विचारून घेतलं. त्यांनी विचारलं होतं, "समोरचीच्या हेडगार्डचा रंग कुठला?" ती म्हणाली होती, "मी ठीक आहे, सर."

तुम्ही 1966 मध्ये डरहम यांच्या जोडीला आलात आणि उंचीने कमी असलेल्या त्या पोराला वाकून, डोलत, डोकं हलतं ठेवून आत शिरायला शिकवलंत. 1970 मध्ये जिमी एलिसला हरवून तो हेवीवेटचा निर्विवाद जगज्जेता झाला. 8 मार्च 1971 ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अलीशी पहिली गाठ पडली. दोघंही तोवर अपराजित, दोघांना प्रत्येकी 25 लाख डॉलर. तुम्ही आधीच हेरून ठेवलं होतं की अली उजवा अपरकट, म्हणजे खालून वर जाणारा ठोसा मारताना हात खाली सोडतो. त्या क्षणी डावा हुक सोडायचा, असं तुम्ही शिष्याला बजावलं होतं. पंधराव्या राउंडमध्ये तो वाकडा हात फिरला आणि अली पाठीवर पडला. ही लढत मी आता तीनदा पाहिली आहे. दर वेळी त्या फटक्याला मी खुर्चीतून उठते.

मग 1973 च्या जानेवारीत किंग्स्टनला जॉर्ज फोरमनने दोन राउंडमध्ये त्याला सहा वेळा पाडलं. त्याच वर्षी यँक डरहम वारले आणि कॉर्नरची सगळी जबाबदारी तुमच्यावर आली.

मनिलाच्या आधी अलीने त्याला गोरिला म्हणून हिणवलं, वारंवार, कॅमेऱ्यांसमोर. सैन्यभरती नाकारल्यामुळे बॉक्सिंगला बंदी असताना ज्या अलीला परवाना परत मिळावा म्हणून फ्रेझर बोलला होता, त्याच अलीने. तो घाव त्याला ठोशांपेक्षा जास्त काळ दुखला. तुम्ही मात्र त्या दिवसांत आणखी एक काम गाजावाजा न करता करत होतात. 1974 च्या दुसऱ्या लढतीत अलीने फ्रेझरची मान पकडून पकडून त्याला रोखलं होतं. तसं पुन्हा चालू देणार नाही असा रेफ्री हवा म्हणून तुम्ही आग्रह धरलात, आणि फिलिपिन्सचे कार्लोस पडिला उभे राहिले. शिष्याची काळजी पहिल्या घंटेच्या कितीतरी आधी सुरू होते, हे मला यातून कळलं. आमचे सर बाउटच्या आदल्या रात्री मुलींच्या खोलीबाहेर उभं राहून दिवे बंद झाले का बघतात, त्याला मी उगाच कडकपणा समजत होते.

अमेरिकेतल्या टीव्हीच्या सोयीसाठी ती पंधरा राउंडची लढत मनिलातल्या सकाळी ठेवली होती. बंद छपराखाली भट्टीसारखा उकाडा. सुरुवातीला अली भारी, मधल्या राउंडमध्ये फ्रेझर पोटात गुद्दे घालत घालत वरचढ, आणि पुन्हा अली. तेराव्यात फ्रेझरचं गमशील्ड उडून बाहेर पडलं. त्याच्या डाव्या डोळ्याला आधीपासून नीट दिसत नव्हतं, आणि आता उजवा सुजून मिटला होता. अलीचा उजवा हात येताना त्याला दिसतच नव्हता. चौदाव्यात तो हात एकामागून एक येत राहिला. मी व्हिडिओ तिथे थांबवला. घोटभर पाणी प्यायले, मग पुढे पाहिला.

तुम्ही म्हणालात, पुरे. फ्रेझर म्हणाला, नाही, मला तो हवाय. तो उठायला लागला तेव्हा तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "बस, पोरा. संपलं आता. आज तू इथे जे केलंस ते कोणीही विसरणार नाही."

तीनही पंचांच्या कागदावर अली पुढे होता, पण एक डावा हुक सगळं फिरवू शकला असता. पलीकडे अलीही हातमोजे काढायला सांगत होता, असं म्हणतात. स्वतः अलीने नंतर म्हटलं की ते मरणाच्या अगदी जवळ जाणं होतं. म्हणजे तुम्ही अजून थोडं थांबला असतात तर फ्रेझर कदाचित बसल्या जागी जिंकला असता. हा "कदाचित" आजही लोक तुमच्या नावापुढे लावतात. मला त्याचा राग येतो. तुम्ही आयुष्यात रिंगमध्ये माणसं मरताना पाहिली होतीत. समोरच्या कॉर्नरमध्ये काय चाललंय हे तुम्हाला दिसत नव्हतं, आणि दिसलं असतं तरी तुमच्या हाताखालचा खांदा तोच राहिला असता.

तुमचं स्वतःचं आयुष्य वाचताना मला एक गोष्ट सापडली आणि मी बराच वेळ तिथेच अडकले. मिसिसिपीत जन्म, डेट्रॉइटमध्ये वाढ, 1933 मध्ये गोल्डन ग्लव्हज या हौशी स्पर्धेचं विजेतेपद, जो लुईससोबत सराव. व्यावसायिक बॉक्सर होणार तोच तपासणीत हृदयात दोष निघाला आणि डॉक्टरांनी तुम्हाला थांबवलं. थांबवल्यावर काय वाटतं हे तुम्हाला त्या हॉलमधल्या कोणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. आणि तुम्ही नव्वदीपर्यंत जगलात.

पुढे तुमचा शिष्य, बॉक्सर फ्रेडी रोच यालाही तुम्ही थांब म्हणालात. त्याने ऐकलं नाही, आणखी काही लढती खेळला. नंतर त्याला पार्किन्सन्सने, म्हणजे कंपवाताने गाठलं. पण तो तुमच्याकडेच परत आला, शिकवायचं कसं ते शिकला, आणि त्याच्या हाताखाली फिलिपिन्सचा मॅनी पॅक्याव जगज्जेता म्हणून गाजला. अलीही मनिलानंतर 1981 पर्यंत खेळत राहिला. 1984 मध्ये त्याच्या आजाराला पार्किन्सन्स हे नाव मिळालं.

आणि फ्रेझर? तो त्यानंतर 36 वर्षं जगला. फोरमनशी पुन्हा लढून हरला, 1981 मध्ये एकदा परत येऊन बरोबरीत सुटला. 37 लढती, 32 विजय, 4 पराभव. पण मला त्या आकड्यांच्या पलीकडचं मोजायचं आहे. फिलाडेल्फियात नॉर्थ ब्रॉड स्ट्रीटवरच्या व्यायामशाळेच्या वरच्या मजल्यावर तो राहायचा आणि खाली मोहल्ल्यातली पोरं घडवायचा. गाण्याचा त्याला नाद होता, स्वतःचा वाद्यवृंद घेऊन तो गायचा. मुलगा मार्व्हिसला त्याने शिकवलं. मुलगी जॅकी वकील झाली, 2001 मध्ये अलीच्या मुलीशी, लैलाशी लढली, पुढे न्यायाधीश झाली. अलीबद्दलचा कडवटपणा त्याने कितीतरी वर्षं उराशी धरला. 2001 मध्ये अलीने वर्तमानपत्रातून माफी मागितली, तेव्हा त्याने ती स्वीकारली. 7 नोव्हेंबर 2011 ला यकृताच्या कर्करोगाने तो गेला आणि त्याला निरोप द्यायला थकलेला अली आला होता. रागवायला, गायला, विरघळायला लागतो तेवढा वेळ त्याला मिळाला. तुम्ही गेल्यानंतरची दहा वर्षं तुम्हाला माहीत नसतील, म्हणून सांगते आहे: फिलाडेल्फियात आता त्याचा पुतळा आहे. अलीला पाडल्यानंतरचा क्षण आहे त्यात. डावा हात अजून खाली आलेला नाही.

माझ्या मुलीचं दुसऱ्या दिवशी सीटी स्कॅन केलं. काहीही निघालं नाही. ती रिपोर्ट आपटून म्हणाली, "बघ, मी ठीकच होते." तिला उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं, आजही नाही. तिसऱ्या राउंडमध्ये काय झालं असतं याचा फोटो कोणत्याही यंत्रात येत नाही. तुमच्या पंधराव्या राउंडचाही नाही. अपघातातून वाचवणाऱ्याला निदान वाकलेली गाडी दाखवता येते. तुम्हाला आणि आमच्या सरांना दाखवायला काही उरत नाही, उरतो फक्त पराभव आणि शिष्याचा रुसवा. ती सरांशी पंधरा दिवस बोलली नाही. ते रोज पहाटे साडेपाचला येऊन तिच्या वाट्याची बॅग टांगून ठेवायचे.

सोळाव्या दिवशी ती गेली. तिने हात पुढे केले, सरांनी पट्ट्या बांधल्या. मी दारातून पाहिलं. मी सरांची माफी मागितली, आभार मानले. तेव्हाही ते म्हणाले, "ताई, माझे कसले, ज्यांच्याकडून शिकलो त्यांचे आभार माना." म्हणून हे पत्र, वस्ताद. मनापासून आभार. फ्रेझरच्या 36 वर्षांसाठी, आणि माझ्या घरात आज सकाळी दूध उतू गेलं म्हणून माझ्याशी भांडलेल्या पोरीसाठी.

पुढच्या महिन्यात तिची बाउट आहे. मी जाणार आहे. या वेळी रिंगच्या त्या बाजूला बसेन, जिथून मला सरांचा खांदा आणि त्यावरचा टॉवेल दिसत राहील.

आपली ऋणी,
एका बॉक्सर मुलीची आई